आज कितवा दिवस?

परवा व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, "आजी, पण नक्की कोणता व्हायरस होता?" आणि मी "थांब हं, दूध उतू जातंय" म्हणून उठले. दूध उतू जात नव्हतं. मला उत्तर देता आलं नाही, एवढंच. तू आता शाळेत जीवशास्त्र शिकतेस, तुला एका शब्दात उत्तर हवं असणार. मलाही तेच हवं होतं. पस्तीस वर्षं मी शाळेच्या ग्रंथालयात काढली. पुस्तक हातात आलं की त्याच्या पाठीवर एक क्रमांक आणि कपाटात त्याची एक जागा. दोन ठिकाणी ठेवता येईल असं पुस्तक आलं की मी आठवडाभर अस्वस्थ असायची. तेव्हा हे लिहून काढते. तुझ्या भावाला वाचून दाखव, त्याला मराठी वाचायला फार वेळ लागतो आणि मधेच तो कंटाळून चित्रं शोधतो.

तुमची मामेबहीण तेव्हा सात महिन्यांची होती. मामीची रजा संपून ती दिवाळीच्या तोंडावर कामावर रुजू झाली. मामा ओरगडमला, गाड्यांच्या कारखान्यात. त्याची कंपनीची बस सकाळी साडेसहाला कोपऱ्यावर येते, मामी आठला निघते. म्हणजे सकाळी आठ ते संध्याकाळी सात, अण्णा नगरच्या या घरात बाळ आणि मी. मामीची आई, म्हणजे माझी विहीण, जॉर्ज टाउनमध्ये राहते. बाळाला दिवसा कोणी सांभाळायचं यावरून आम्हा दोघींत कधी उघड वाद झाला नाही. पण ती एकदा म्हणाली होती, "आमच्या घराखालीच डॉक्टर बसतात," आणि मी म्हणाले होते, "आमच्याकडे उजेड छान येतो." आमचं बोलणं इंग्रजीत चालतं. तिला मराठी येत नाही आणि माझं तमिळ इतक्या वर्षांनीही भाजीवाल्याच्या पुढे गेलेलं नाही. मामीशीही मी इंग्रजीतच बोलते. इथे सगळं मराठीत लिहिते आहे ते तुमच्यासाठी.

मामीचा घरात एकच कडक नियम होता. कोणाला सर्दी झाली की त्याने बाळापासून लांब राहायचं, आणि तसं मला झालं तर तिच्या आईला बोलवायचं. नियम चांगलाच होता. तो मी स्वतः टाइप करून फ्रिजवर लावला होता.

दिवाळीनंतरच्या शनिवारी आपल्या मराठी मंडळाचा फराळ होता. मामी म्हणाली, "आई, गर्दीत मास्क लावाल ना?" मी लावला. पण मास्कमधून चकली खाता येत नाही. तिथे नवीन आलेली तरुण मुलं होती, आयटीतली, त्यांची लहान लहान पोरं होती. एक पोरगं माझ्या मांडीवर येऊन बसलं आणि माझ्याच ताटातले शंकरपाळे खाऊन गेलं. त्याचं नाक वाहत होतं का? मला आठवत नाही. वाहत होतं असं आता वाटतं, पण आता मला काहीही वाटू शकतं.

पुढच्या गुरुवारी मला शिंका सुरू झाल्या. घसा जरा खवखवला, ताप नाही, अंगदुखी नाही. पाऊस लागून राहिला की मला दरवर्षी हे होतं. मी मनाशी त्याला सर्दी म्हटलंच नाही. शिंक आली की मी बाथरूममध्ये जाऊन टॉवेलात शिंकायची, हात धुवायची आणि बाहेर यायची. शनिवार-रविवार मामा-मामी घरी होते तेव्हा मी "जुनी कागदपत्रं लावते" म्हणून माझ्या खोलीतच बसून राहिले. विहीणबाई चार दिवसांसाठी येतील आणि मग जाणार नाहीत, अशी मला भीती होती. हे वाचायला तुम्हाला बरं वाटणार नाही. मला लिहायलाही वाटत नाही.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास पेज भरवताना बाळाच्या नाकातून पाणी आलं. मी पुसलं. परत आलं. मी सलाइनचे थेंब घातले, नाक स्वच्छ केलं. दिवसभरात सहा लंगोट-रुमाल झाले, ते मी धुऊन मागच्या गॅलरीत वाळत घातले. संध्याकाळी मामी आली.

"आई, हिचं नाक लाल का दिसतंय?"

"दात येताहेत."

"दातांमुळे नाक?"

"तुझ्या नवऱ्याचंही असंच व्हायचं."

खरंच व्हायचं का, ते मला आठवत नाही. मंगळवारी परत तेच. बाळ हसत होतं, दूध पीत होतं. मी म्हटलं, उतरेल.

बुधवारी सकाळी बाळ खोकू लागलं आणि दुपारी अंग कोमट लागलं. शंभर पूर्णांक दोन. आता मात्र मी चार्ट काढला. हा चार्ट तुमच्या ओळखीचा आहे. चार वर्षांचा असताना तुझा भाऊ सुट्टीत इथे आला आणि त्याला फ्लू झाला, तेव्हाचा. त्या वेळी एकशे चार ताप होता, डोळे लाल, पाय दुखतात म्हणून रडणं, आणि मी दर तीन तासांनी ताप, औषध, वेळ असे तीन रकाने भरत होते. तेव्हाच्या डॉक्टरांनी तो कागद पाहून "असं कोणी आणत नाही" म्हटलं होतं. मग त्यांनी फ्लूचं औषध दिलं, ताप उतरला आणि ताप उतरला की मूल बरं, हा धडा मी शिकले. नीट शिकले. तो कागद जपून ठेवला होता. बुधवारी त्याचेच तीन रकाने मी नव्या पानावर आखले.

त्याच दिवशी मामीला फोन केला, खोकला आणि ताप दोन्ही सांगितलं. सर्दीचं सांगितलं नाही, कारण सर्दी सोमवारची होती आणि सोमवारी मी दात म्हणाले होते. गुरुवारी सकाळी ताप नव्याण्णव पूर्णांक चार. दुपारी नव्याण्णव पूर्णांक दोन. मी जेवणाच्या सुट्टीत मामीला फोन केला.

"ताप उतरला गं."

"दूध?"

"निम्मं प्यायली. झोप आहे डोळ्यांवर."

"आई, मी लवकर येऊ का?"

"कशाला? आकडा तर चांगला आहे."

निम्म्यातलंही तिने थांबत थांबत घेतलं होतं. दोन घोट, मग तोंड सोडून धापा, मग पुन्हा दोन घोट. पोट भराभर वरखाली होत होतं. छातीत घरघर होती. मला ते सगळं दिसत होतं बरं का. पण माझ्या कागदावर त्याला रकाना नव्हता, आणि ज्याला रकाना नाही ते मी पाहूनही पाहत नाही, ही माझी सवय आहे. तुमच्या आईला विचारा.

मामी सातला आली. पर्स खांद्यावरच होती. तिने बाळाचं झबलं वर केलं आणि तशीच उभी राहिली. प्रत्येक श्वासाला बाळाच्या फासळ्यांखाली खड्डा पडत होता. नाकपुड्या फुलत होत्या.

"आई, हे केव्हापासून?"

मी म्हटलं, "ताप नाहीये पण."

रुग्णालय घरापासून पंधरा मिनिटांवर आहे. तिथे बोटाला लावलेल्या चिमट्यावर प्राणवायूचा आकडा अठ्ठ्याऐंशी आला आणि एकदम चार माणसं धावत आली. श्वास मिनिटाला अडुसष्ट. एक्स-रे काढला, त्यात उजवीकडे वर धुरकट दिसत होतं. तरुण डॉक्टर म्हणाला, "न्यूमोनिया." मी त्याला विचारलं, "ताप नसताना?" तो म्हणाला, "हो, असतो असा." आणि गेला. आमच्या लहानपणी न्यूमोनिया म्हणजे हुडहुडी, फणफणलेला ताप, इंजेक्शनं. हा कुठला न्यूमोनिया? नाकात दोन नळ्या घालून त्यातून जोरात ऊबदार हवा आणि प्राणवायू सोडायला लागले. दूध नळीतून. हाताला सुई, त्यातून अँटिबायोटिक. नाकातून काडी फिरवून नमुना घेतला तो वेगळ्या तपासणीला.

शुक्रवारी सकाळी मोठ्या डॉक्टर राउंडला आल्या. चाळिशीच्या, चेहरा थकलेला, पण बोलणं सावकाश. मी खाटेच्या पायथ्याशी उभी. मामा खिडकीपाशी, त्याने कामावर कळवून सुट्टी घेतली होती. मामी बाळाच्या डोक्यावर हात ठेवून.

"आज कितवा दिवस?" डॉक्टरांनी विचारलं.

"तिसरा," मामी म्हणाली. "बुधवारी सुरू झालं. आमच्या आईंकडे लिहिलेलं आहे." आणि तिने माझा कागद पुढे केला. इतक्या धावपळीत तिने तो आठवणीने आणला होता.

डॉक्टरांनी पाहिला. "किती व्यवस्थित! अम्मा, अशी आजी प्रत्येक घरात असायला हवी."

मला कुठे पाहावं कळेना.

मग त्या मामीला समजावू लागल्या. तपासणीचा निकाल दुपारी येईल, पण त्यांचा अंदाज आर.एस.व्ही.चा आहे. या दिवसांत वॉर्डात तोच जास्त. तो ताप फार देत नाही, श्वासाच्या अगदी बारीक नळ्यांना सूज आणतो, त्यात चिकट स्राव भरतो, आणि बाळाच्या नळ्या मुळातच एवढ्याशा. फ्लूला औषध आहे, याला नाही. प्राणवायू द्यायचा, दूध नळीतून द्यायचं आणि वाट पाहायची. "आणि याची एक खोड आहे. पहिल्या लक्षणापासून चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत हा वाढत जातो, मग उतरतो. आज तिसऱ्या दिवशीच बाळाला इतकी हवा लागते आहे. म्हणजे अजून चढ आहे. मी आयसीयूमध्ये जागा बघून ठेवते. कदाचित श्वासाचं मशीन लागेल. आज संध्याकाळ आणि उद्या, बघू."

मामीचा हात बाळाच्या डोक्यावरून खाली घसरला आणि तिने तो परत वर ठेवला.

मला त्या क्षणी नक्की काय वाटलं ते मी तुम्हाला नीट सांगू शकत नाही. एक गोष्ट मला ठाऊक होती आणि ती त्या खोलीत फक्त मला ठाऊक होती. आज तिसरा दिवस नव्हता. ती सांगितली तर मी खोटी ठरणार होते. न सांगितली तर डॉक्टर चुकीचा दिवस धरून बसणार होत्या. आणि त्यातलं विचित्र म्हणजे, माझं खोटं हीच त्या खोलीतली एकुलती एक चांगली बातमी होती. मी खोटं बोलले होते हे खरं असावं, अशी मी देवाजवळ इच्छा करत होते. असं कधी कोणी मागतं का?

"डॉक्टर," मी म्हटलं, "पहिलं लक्षण म्हणजे काय? ताप की नाक?"

"नाक वाहायला लागलं तर तेच पहिलं."

"मग सोमवार. सोमवारी सकाळी अकरा वाजता."

डॉक्टरांनी कागद पुन्हा पाहिला. "इथे नाही."

"तो तापाचा कागद आहे."

"सोमवारी नक्की? थोडंसं की वाहत होतं?"

"वाहत होतं. सहा रुमाल लागले. मंगळवारीही. मी नाक स्वच्छ करून ठेवायची." मग मला थांबता येईना. "आणि त्याच्या आधीच्या गुरुवारपासून मला सर्दी आहे. मी कोणाला सांगितलं नाही."

मामीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. जसं एखाद्या अनोळखी माणसाकडे बघावं, तसं. मग ती डॉक्टरांकडे वळली आणि एकच वाक्य बोलली. "म्हणजे आज पाचवा?"

"आज पाचवा."

"मग हे चांगलं आहे?"

"तिसऱ्यापेक्षा चांगलं," डॉक्टर म्हणाल्या. फाइलीतला तीनचा आकडा खोडून त्यांनी पाच लिहिला. "पण मी वचन देत नाही. आयसीयूची जागा ठेवतेच. आणि अम्मा, तुम्ही मास्क घाला आणि खाटेपासून लांब बसा. तुमच्या वयालाही हा त्रास देतो, तुम्ही नशिबाने सुटलात."

मला तर त्याने चार शिंका दिल्या होत्या. तोच व्हायरस, तेच घर. एकीला शिंका आणि दुसरीला नळ्या. मी आधी फ्लूशी तुलना करून फसले होते, म्हणून या वेळी बाकीच्यांशीही करून पाहिली. तू वर्षाची असताना मी तिकडे तुमच्याकडे होते, तेव्हा तू कुत्र्यासारखी भुंकत खोकायचीस. श्वास घेताना शिट्टी वाजायची. तिथल्या डॉक्टरांनी नाव सांगितलं पॅराइन्फ्लुएन्झा. त्याने तुझा घसा सुजवला होता, छाती मोकळी होती, आणि तुला थंड हवेत बाल्कनीत नेलं की तू शांत व्हायचीस. कोविडमध्ये मी तीन आठवडे अंथरुणात, आणि तुझा भाऊ तिकडे नुसता एक दिवस कंटाळलेला. नाव वेगळं, जागा वेगळी, वय वेगळं. वाटलं, नीट मांडलं तर याचा तक्ता होईल. मी मास्क लावून कोपऱ्यात बसून तो मांडायला सुरुवातही केली होती. तेवढ्यात दुपारी निकाल आला.

निकालात वीसेक नावांची यादी होती आणि प्रत्येकापुढे सापडला किंवा नाही सापडला. फ्लू नाही. कोविड नाही. अ‍ॅडिनो नाही. मेटान्यूमो म्हणून एक आहे, आर.एस.व्ही.चा चुलतभाऊच म्हणे, तोही नाही. आर.एस.व्ही., सापडला. आणि त्याच्याखाली दोन ओळी सोडून रायनोव्हायरस, तोही सापडला.

"दोन कसे?" मी विचारलं.

"असतात," तरुण डॉक्टर म्हणाला. "रायनो साध्या सर्दीचा. कदाचित दोन-तीन आठवड्यांपूर्वीचा असेल, त्याचे अवशेष नाकात राहतात. कदाचित आत्ताचाही असेल."

"मग न्यूमोनिया कोणामुळे?"

"बहुतेक आर.एस.व्ही.मुळे."

"बहुतेक?"

त्याने हसून खांदे उडवले. मग त्याने अँटिबायोटिक बंद करायला सांगितलं. मी म्हटलं, दोन सापडले तर औषध दुप्पट नको का? तो म्हणाला, रक्ताच्या तपासणीत जिवाणूची लक्षणं नाहीत आणि जिवाणूचं औषध व्हायरसवर चालत नाही. मग काल का दिलं? काल माहीत नव्हतं म्हणून. म्हणजे माहीत नव्हतं तेव्हा औषध होतं आणि माहीत झाल्यावर नाही. मी हे तीनदा मनात म्हणून पाहिलं. बरोबर आहे, पण गळी उतरत नाही.

संध्याकाळी विहीणबाई आल्या, हातात रसमचा थर्मास. त्यांना लेकीने फोनवर सगळं सांगितलेलं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. मी स्वतःच म्हटलं, "माझ्यामुळे झालं."

त्या खुर्चीवर बसल्या. "मी तर समजत होते केळ्यामुळे."

"केळं?"

"मागच्या रविवारी मी तिला केळं कुस्करून दिलं ना. केळ्याने सळी होते." सळी म्हणजे त्यांच्याकडे सर्दी-कफ. "मी रात्रभर त्या केळ्याचाच विचार करत होते. म्हटलं, तुम्ही मला काय म्हणाल!"

"व्हायरस आहे तो. दोन आहेत. केळं नाही."

"एक तुमचा, मग दुसरा कोणाचा?"

खिडकीपाशी उभा असलेला मामा म्हणाला, "दुसरा तुमच्या लेकीचा. ऑफिस सुरू झालं त्या आठवड्यात ही किती शिंकत होती! मास्क लावून बाळाला घ्यायची." मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "आणि आई, तू बाथरूममध्ये शिंकतेस ते आख्ख्या मजल्याला ऐकू येतं गं. मी मागच्या गुरुवारपासून ऐकतोय."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं ए.सी.मुळे."

"मला पण ऐकू आलं होतं," मामी म्हणाली. आम्ही मराठीत बोलत होतो तरी तिला कळलं होतं. "मी मनात म्हटलं, आईंना सर्दी असती तर त्यांनीच सांगितलं असतं. नियम त्यांनीच टाइप केलाय."

विहीणबाईंनी थर्मासचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं.

मी विचार केला, सगळ्यांनाच थोडं थोडं माहीत होतं तर माझा वाटा किती? मग वाटलं, वाटा मोजायला निघाले हीच माझी पळवाट. मग वाटलं, पण मंडळातल्या त्या पोराचं काय, त्याच्या आईचं काय, तिनेही "दात येताहेत" म्हटलं असेल. असं मागे मागे जात राहिले तर शेवट कुठेच नाही. माझ्या तक्त्यात 'कोणाकडून' असा रकाना होता. तो मी रिकामा ठेवला. आजही रिकामा आहे.

त्या संध्याकाळी श्वास बासष्ट होता. नर्सने मला मोजायला शिकवलं होतं. "पाटी, पोटाकडे बघा. वर आलं की एक. पूर्ण मिनिट." पाटी म्हणजे आजी. मी लांबून मोजत होते. बासष्ट, साठ, चौसष्ट. आयसीयूची खाट रिकामी होऊन आमच्या नावावर राखून ठेवलेली होती. डॉक्टर सातला एकदा येऊन गेल्या, बाळाच्या छातीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "वाढलं नाही." मामीने विचारलं, "कमी?" "वाढलं नाही," त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. हे दोन शब्द चांगले की वाईट, त्यावर आम्ही चौघं बराच वेळ बोलत बसलो.

शनिवारी सकाळी पन्नास. मी दोनदा मोजले, मग मामाला मोजायला लावले. त्याला एकोणपन्नास आले. फासळ्यांखालचा खड्डा उथळ झाला होता. डॉक्टरांनी हवेचा जोर कमी केला आणि आयसीयूची जागा दुसऱ्याला देऊन टाकायला सांगितलं. मामी तेव्हा पहिल्यांदा रडली. मी तिच्याजवळ जावं की लांबच बसावं, हे मला कळत नव्हतं. लांब बसायला मला सांगितलं होतं, म्हणून मी लांबच बसले. तो शहाणपणा होता की भित्रेपणा, हेही मला कळलं नाही.

रविवारी दुपारी नळ्या काढल्या. गालावर चिकटपट्टीचे दोन लाल चौकोन राहिले. डॉक्टरांनी सांगितलं, खोकला अजून दोन-तीन आठवडे राहील, पुढच्या सर्द्यांना छाती पुन्हा वाजेल कदाचित, कदाचित नाही. मग तोंडाने दूध द्यायला परवानगी मिळाली. बाळाने अर्धी वाटी न थांबता घेतली आणि वाटी काढली तर ती ओरडली. तीन दिवसांत तो तिचा पहिला आवाज. घशात चिरकलेला, पण रागीट.

मामीला चार दिवसांत अंघोळ मिळाली नव्हती. मामा औषधं आणायला खाली गेला होता. तिने बाळाला उचललं आणि आमच्या दोघींकडे पाहिलं, मी आणि तिची आई. मग माझ्यासमोर येऊन थांबली.

"आई, आज शिंका?"

खरं सांगायचं तर सकाळपासून नाक कोरडं होतं. मला वाटत होतं की आता गेलं. पण बरोबर अर्ध्या तासापूर्वी, जिन्यात, एक आली होती. ती धुळीची असू शकत होती. जिन्यात तेव्हा झाडत होते.

"एक," मी म्हटलं. "जिन्यात."

"नक्की एक?"

"एक."

तिने मान हलवली. "यापुढे अशीच सांगा. मी रागावेन. तरी सांगा." आणि तिने बाळाला आपल्या आईच्या मांडीवर ठेवलं आणि टॉवेल घेऊन आत गेली.

विहीणबाईंनी बाळाला नीट धरलं आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "तुम्ही मोजा. मला मोजता येत नाही." मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, मास्क लावून, बाळाच्या पोटाकडे बघत होते. बाळ विहीणबाईंच्या सोन्याच्या साखळीशी खेळत होतं. मला ते बघून हेवा वाटला आणि हायसंही वाटलं, त्यातलं आधी कोणतं आलं ते सांगता येत नाही.

"किती?" त्यांनी विचारलं.

"बेचाळीस."

"बेचाळीस म्हणजे चांगलं ना?"

"चांगलं," मी म्हटलं. "पण हलू नका. पुन्हा एकदा मोजते."